मोटारीच्या दाराची काच फुटल्यास...

दगड लागून मोटारीची पुढची काच तडकली, तरी ती जागच्या जागी राहते. दाराची काच मात्र क्षणात ओघळते. कारण तिच्या घडणीत आहे. पुढच्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो; बहुतेक मोटारींच्या दाराला ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून झटकन थंड केलेली 'टफन्ड' काच असते. ती फुटली की बोथट कणांचा चुरा होतो. साहजिकच, ती सांधता येत नाही. नवीच घ्यावी लागते.

खरे काम काच बसविण्यापेक्षा चुरा काढण्याचे. दाराचे आतील आवरण उतरवून पोकळीच्या तळाशी साचलेले कण व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावे लागतात. ते राहिले, तर पाणी निचरण्याची भोके तुंबतात आणि रबरी खाचेत अडकलेला एखादा कण नव्या काचेवर ओरखडे काढतो. घाईच्या गॅरेजात नेमके हेच टाळले जाते. म्हणून समोर उभे राहून पाहावे. आवरण लावण्याआधी काच दोन-तीनदा वर-खाली करून घ्यावी.

नव्या काचेच्या कोपऱ्यातील आयएसआय चिन्ह तपासावे. सर्वसमावेशक विम्यात काचेवर घसारा कापला जात नाही. केवळ 'थर्ड पार्टी' विमा असल्यास खर्च स्वतःचाच. मात्र किरकोळ किमतीच्या काचेसाठी दावा केला, तर 'नो क्लेम बोनस' गमावण्याची वेळ येते. हे गणित आधी मांडावे. चोरीसाठी काच फोडली गेली असेल, तर साफसफाईपूर्वीच छायाचित्रे काढून पोलिसांत तक्रार नोंदवावी.