इंजिनिअरिंगच्या वहीतला हातचा



माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखेत. दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा लॅपटॉपपुढे तोंड पाडून बसला होता. विचारलं तर म्हणाला, "मावशी, ३०० आणि २५० ची बेरीज २९४ येतेय." मला वाटलं चेष्टा करतोय.

विषय होता संगणकाची रचना आणि असेंब्ली भाषा. पायथनसारख्या भाषेत दोन संख्या आणि अधिकचं चिन्ह लिहिलं की झालं. असेंब्लीत प्रोसेसरला एकेक हालचाल सांगावी लागते: ही संख्या इथे ठेव, ती तिथून आण, आता मिळव. शिकायला बऱ्याच ठिकाणी इंटेलचा १९७६ चा ८०८५ हा प्रोसेसर घेतात. जुना आहे, पण आत काय चाललंय ते दिसतं. त्यात ए, बी, सी, डी, ई, एच, एल अशी सात छोटी घरं असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एका घरात ० ते २५५ एवढीच संख्या मावते.

मग ३०० कुठे ठेवायचे? दोन घरांत. एक घर एककाचं, दुसरं २५६ चं. ३०० म्हणजे २५६ चा एक गठ्ठा आणि सुटे ४४. आपले दशक-एककच, फक्त गठ्ठा दहाचा नाही. २५० मध्ये गठ्ठा नाही, सगळे सुटे.

आता सुटे मिळवा: ४४ अधिक २५० बरोबर २९४. हे एका घरात मावत नाही. म्हणून एक गठ्ठा बांधला, ३८ उरले. तो गठ्ठा म्हणजे हातचा! आपली मुलं तो डोक्यावर लिहितात, प्रोसेसर कॅरी फ्लॅग नावाच्या एका बिटात ठेवतो. पण पुढच्या घराच्या बेरजेत तो आपोआप धरत नाही. नुसतं 'एडीडी' लिहिलं तर हातचा सोडून बेरीज होते, 'एडीसी' लिहिलं तर हातचा धरून. भाच्याने दोन्हीकडे एडीडी लिहिलं होतं. उत्तर बरोबर २५६ ने कमी.

दुसरीतलं मूल २७ अधिक १५ बरोबर ३२ लिहितं, ते १० ने कमी असतं. चूक तीच. आणि खरं सांगायचं तर मीही कित्येक वर्षं "डोक्यावर एक लिही" एवढंच सांगत आले, काड्यांचा गठ्ठा न बांधताच.

गुणाकाराचंही तसंच. ८०८५ ला गुणाकाराचा आदेशच नाही! पाच त्रिक करायचं तर ए मध्ये शून्य, बी मध्ये ५, सी मध्ये ३ ठेवायचे. ए मध्ये बी मिळवायचा, सी एकाने कमी करायचा, सी शून्य झाला नसेल तर परत मागे जायचं. सी शून्य झाला की ए मध्ये १५. म्हणजे आपण शिकवतो तीच वारंवार बेरीज. भाच्याला आदेशांचे आकडी कोड तोंडपाठ होते, पण ही फेरी कशासाठी ते सांगता येईना. पाढे पाठ असून "पाच त्रिक म्हणजे काय" विचारल्यावर गप्प बसणारी मुलं आपण रोज बघतोच की.

त्याने दुसरं एडीडी खोडून एडीसी केलं, ५५० आले. मी म्हटलं, "मग वजाबाकीत उसना कसा घेतात रे?" थोडा वेळ पुस्तक चाळून म्हणाला, "मावशी, त्याच फ्लॅगमध्ये! आदेश एसबीबी." आणि ४०० वजा १५० स्वतःच लिहायला बसला.