हवा बिघडण्याआधीच आयुष्मान कार्ड का काढावे?

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास दिल्ली आणि उत्तर भारतातील अनेक शहरांची हवा बिघडते. हवा गुणवत्ता निर्देशांक ३०० च्या वर गेला की हवा ‘अत्यंत खराब’ आणि ४०० च्या वर गेला की ‘गंभीर’ मानली जाते. खोकला आणि धाप सुरू झाली की अनेकांना आरोग्य विम्याची आठवण होते.

प्रदूषण आणि विम्याची मागणी

चीनमधील विमा पॉलिसींच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी हवेत सूक्ष्म धूलिकण जास्त, त्या दिवशी पॉलिसींची विक्रीही जास्त, असे त्यात आढळले. पॉलिसी परत करण्याच्या मुदतीत हवा सुधारली, तर ती रद्द करणारेही वाढत. म्हणजे निर्णय डोळ्यांना दिसणाऱ्या धुक्यावर होत होता. आजाराचा धोका मात्र आकाश निवळल्याने संपत नाही. चुलीचा आणि वाहनांचा धूर बारा महिने फुप्फुसात जात असतो.

उशीर केल्यास काय होते?

खासगी पॉलिसीत साधारणपणे पहिले ३० दिवस अपघात वगळता इतर आजारांचा खर्च मिळत नाही. दमा आधीपासून असेल, तर त्यासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्यामुळे धुक्यात घेतलेली पॉलिसी त्याच हिवाळ्यात उपयोगी पडेलच असे नाही.

आयुष्मान भारत योजनेत काय मिळते?

- पात्र कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचार. लाभार्थ्याला हप्ता भरावा लागत नाही.
- आधीपासून असलेले आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट.
- भरती होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधांचा खर्च.
- कामासाठी परराज्यात असलात, तरी तेथील संलग्न रुग्णालयात उपचार.
- ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना उत्पन्नाची अट नाही. त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे.

लक्षात ठेवा: रुग्णालयात भरती न होता केवळ डॉक्टरांना दाखवून घेतलेल्या औषधांचा खर्च या योजनेत मिळत नाही.

आता काय करावे?

१. ‘आयुष्मान’ ॲपवर किंवा जवळच्या सामाईक सेवा केंद्रात पात्रता तपासा.
२. आधार कार्ड आणि मोबाईल सोबत ठेवून ई-केवायसी पूर्ण करा.
३. कुटुंबातील प्रत्येक पात्र सदस्याचे कार्ड वेगळे काढा.
४. जवळचे संलग्न रुग्णालय कोणते, ते आधीच पाहून ठेवा.

कार्ड संलग्न रुग्णालयातही काढता येते. पण रुग्णाला धाप लागलेली असताना कागदपत्रांसाठी धावपळ होऊ नये, म्हणून हे काम हवा चांगली असतानाच उरकून घ्या. अधिक माहितीसाठी १४५५५ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधा.