सही तुमची, मजकूर कोणाचा?

१३ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेत नेटवर्क सांभाळणाऱ्या हजारो लोकांना एफबीआयकडून ईमेल आला. तुमच्या सिस्टीममध्ये हल्लेखोर शिरला आहे, असा इशारा त्यात होता आणि एका सुरक्षा संशोधकाचे नाव घेऊन त्याच्यावर ठपकाही ठेवला होता. मजकूर धादांत खोटा होता. पण पत्ता एफबीआयचा, सर्व्हर एफबीआयचा आणि ईमेलवरची डिजिटल सहीसुद्धा अस्सल होती. स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या स्पॅमहॉस या संस्थेच्या अंदाजाने तो किमान एक लाख पत्त्यांवर गेला.

त्यासाठी कोणाला एफबीआयचा डेटा चोरावा लागला नव्हता. पोलिस यंत्रणांसाठीच्या एका पोर्टलवर नवे खाते उघडणाऱ्याला खात्री करून घेण्यासाठी ईमेल जायचा. हे कृत्य करणाऱ्याने पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांना जे सांगितले त्यानुसार, त्या ईमेलचा विषय आणि मजकूर अर्जदाराच्या ब्राउझरकडूनच सर्व्हरला मिळत होता आणि सर्व्हर तो जसाच्या तसा पुढे धाडत होता. ब्राउझर तर समोरच्याच्या ताब्यातला. त्याने विषय बदलला, मजकूर बदलला आणि एक स्क्रिप्ट चालू करून दिली. सॉफ्टवेअरच्या मांडणीत चूक राहिली होती, हे एफबीआयनेही मान्य केले.

‘ही बातमी मित्राला ईमेल करा’, ‘सहकाऱ्याला आमंत्रण द्या’ अशी बटणे जिथे असतात, तिथे हाच धोका असतो. वेबसाइट एका अनोळखी माणसाला आपल्या नावाने तिसऱ्याच माणसाला पत्र पाठवू देते. सही-शिक्का मारलेले कोरे लेटरहेड काउंटरवर ठेवून द्यावे, तसे हे आहे.

हा प्रकार जुना आहे. मॅट राइट यांनी १९९५ मध्ये ‘फॉर्ममेल’ नावाची स्क्रिप्ट मोफत दिली आणि ती असंख्य वेबसाइटवर बसली. ईमेल कोणाला जायचा, तो पत्ता पानातल्या एका लपवलेल्या रकान्यात असे. लपवलेला म्हणजे फक्त डोळ्यांना न दिसणारा. पानाचा सोर्स उघडला की कोणीही तो वाचावा, बदलावा. स्पॅम पाठवणाऱ्यांनी तेच केले. विनंती आपल्याच पानावरून आली का, हे स्क्रिप्ट ‘रेफरर’ पाहून तपासायची. पण रेफररही ब्राउझरच सांगतो, म्हणजे तोही खोटा देता येतो.

त्याहून बारकाईची चोरी हेडरमधून होते. ईमेलची रचना १९८२ च्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजात ठरली आणि तिचा सांगाडा आजही तोच आहे: वर हेडर, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर. एक हेडर संपून दुसरा सुरू झाला, हे सर्व्हरला कळते ते ओळ बदलण्याच्या खुणेवरून. आता ‘तुमचा ईमेल’ या रकान्यात कोणी पत्ता लिहिला, पुढे ओळ बदलण्याची खूण घातली, मग ‘बीसीसी’ आणि शेकडो पत्ते लिहिले, आणि प्रोग्रॅमने ते न तपासता हेडरमध्ये चिकटवले, तर सर्व्हरच्या दृष्टीने तो नवा हेडर झाला. एकाला जाणारा ईमेल शेकडो जणांना जातो. एक रिकामी ओळ घुसवली की मजकूरही आपलाच. पडद्यावरचा तो रकाना एकाच ओळीचा दिसतो खरा, पण बॉट पडद्यावर टाइप करत नाहीत. ते थेट सर्व्हरशी बोलतात. पीएचपीच्या मेल फंक्शनवर उभे असलेले संपर्क-फॉर्म २००५ मध्ये बॉटनी असेच पिंजून काढले.

चांगल्या लायब्रऱ्या आता ओळ बदलण्याची खूण नाकारतात. मला जास्त काळजी वाटते ती ‘तुमचा निरोप लिहा’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या चौकटीची. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या एवढेच विचारतात, की ईमेल खरोखर त्या डोमेनचा आहे का. असतोच! म्हणून तो थेट इनबॉक्समध्ये जातो. पेपॅलच्या खऱ्या इन्व्हॉइसमधल्या टिपेत ठकसेनांनी आपले फोन नंबर लिहिले, गूगल डॉक्सच्या कमेंटमध्ये फसव्या लिंका टाकल्या. कंपनीने पाठवलेले ते अस्सल ईमेल होते, म्हणूनच लोक फसले.

नुसता पत्ता भरू देणेही पुरेसे घातक ठरते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये असंख्य न्यूजलेटरांच्या फॉर्मांत बॉटनी अमेरिकी सरकारी पत्ते भरले आणि ते इनबॉक्स ईमेलच्या पुराखाली गाडले गेले.

कॅप्चा लावून हे मिटत नाही. विषय आणि मजकूर सर्व्हरवर ठरलेलाच हवा, पाठवणाऱ्याने लॉगिन केलेले हवे, एका खात्यावरून आणि एका पत्त्यावर किती ईमेल जातील याला मर्यादा हवी, आणि निरोपाची चौकट काढून टाकायला हवी. ती ठेवायचीच असेल तर त्यातल्या लिंका आणि फोन नंबर गाळावेत. खरे तर बहुतेक ठिकाणी ही सोयच नको. ‘मेलटू’ची साधी लिंक दिली की वाचकाचे स्वतःचे ईमेल अॅप उघडते आणि पत्र त्याच्याच खात्यावरून, त्याच्याच नावाने जाते. तुमच्या शाळेची, पतसंस्थेची किंवा सोसायटीची वेबसाइट ज्याने बनवली असेल, त्याला या आठवड्यात फोन करून विचारा: आपल्या नावाने बाहेर जाणाऱ्या ईमेलमध्ये परका माणूस काय काय लिहू शकतो?