दहावीनंतर गाणं कुठे जातं?

संगीत कोणाला आवडत नाही? सकाळी बाथरूममध्ये, सबमिशनच्या रात्री, एस.टी.च्या मागच्या सीटवर, सगळीकडे आपल्याला गाणं लागतंच. पण गाणं ऐकणं वेगळं आणि गाणं शिकणं वेगळं. या लेखात शिकण्याविषयी थोडं बोलायचं आहे. कारण आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात आज संगीत शिकणारी मुलं कमी नाहीत. उंब्रज, मसूर, कराड, इस्लामपूर, कुठेही जा, हार्मोनियम-तबल्याच्या क्लासची पाटी दिसतेच. मग प्रश्न असा की एवढी मुलं शिकतात, तर ती पुढे जातात कुठे?

आमच्या विंगमध्ये सहज विचारलं, "संगीताची परीक्षा कोणी दिली आहे?" बरेच हात वर आले. कोणी प्रवेशिका पूर्ण, कोणी मध्यमा. मग विचारलं, "शेवटचं कधी वाजवलंस?" उत्तर जवळपास सगळ्यांचं एकच: "दहावीत!" मित्रांनो, हा योगायोग नाही. ही शिडी कशी बांधली आहे ते पाहिलं की कारण आपोआप कळतं.

शिडी कोणी बांधली?

उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. तिथून कृष्णेच्या काठानं खाली जात राहिलं की सांगली-मिरजेच्याही पुढे कुरुंदवाड लागतं. तिथे 1872 साली विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी फटाक्यांच्या अपघातात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, नेहमीचं शिक्षण थांबलं आणि ते मिरजेला पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे ते हेच बाळकृष्णबुवा.

त्या काळात गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरू देईल तेव्हा, देईल तेवढं घ्यायचं. सिलॅबस नाही, वही नाही, टाइमटेबल नाही. ज्याला गुरू मिळाला त्याचं भलं झालं, बाकीच्यांना दार बंद. शिवाय चांगल्या घरातल्या मुलांनी, त्यातून मुलींनी, गाणं शिकणं समाजाला पसंत नव्हतं.

पलुस्करांनी हे दार उघडलं. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि ते राजाच्या नव्हे, तर लोकांच्या पैशावर चालवलं. वर्ग, इयत्ता, ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली पुस्तकं, स्वरलिपी आणि परीक्षा, हे सगळं त्यांनी संगीतात आणलं. गाणारे तयार करण्याबरोबरच शिकवणारे तयार करण्यासाठी वेगळा 'उपदेशक' वर्ग काढला. 1908 मध्ये मुंबईत विद्यालय आलं. पुढे कर्जापायी तिथली इमारत गेली, पण तोपर्यंत शिष्य गावोगाव पोचले होते. 1931 मध्ये पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. विनायकराव पटवर्धन आणि बी. आर. देवधर हे त्यांचे दोन मोठे शिष्य मूळचे मिरजेचेच.

दुसरीकडे पं. विष्णु नारायण भातखंडे (1860-1936) यांनी गावोगावच्या उस्तादांकडून चिजा गोळा केल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि त्या क्रमिक पुस्तकांतून छापल्या. आज क्लासमध्ये जी वही आपण उघडतो, ती या दोन 'विष्णूं'ची देणगी आहे.

शिडी कशी चालते?

मंडळाच्या परीक्षा पायरीपायरीनं जातात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि त्यावर अलंकार. क्लासच्या सरांकडे शिकायचं, जवळच्या केंद्रावर जायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर गायचं-वाजवायचं. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतो. या पद्धतीचा मोठा फायदा असा की उंब्रजच्या मुलीला आणि पुण्याच्या मुलाला एकच अभ्यासक्रम आणि एकच सर्टिफिकेट मिळतं. गुरूचं घराणं, आडनाव, ओळख काही लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी हे स्वप्नच होतं!

मग अडतं कुठे?

पहिली अडचण गुणांची. आपल्या राज्यात शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा पास झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. किती परीक्षा पास झालात त्यानुसार ते गुण ठरतात. योजना चांगलीच आहे. जे पालक "गाण्यानं पोट भरतं का?" म्हणायचे, तेच आता स्वतः मुलाला क्लासला सोडायला येतात. पण गुणांसाठी आलेला विद्यार्थी गुण मिळाल्यावर जाणारच. ठरलेले राग, ठरलेल्या ताना, ठरलेले प्रश्न पाठ करायचे आणि केंद्रावर जाऊन म्हणून दाखवायचे. आपण व्हायव्हाच्या आदल्या रात्री जे करतो, तेच! अकरावीला क्लास सुटतो, सीईटी सुरू होते आणि पेटी कपाटावर जाते.

दुसरी अडचण शाळेची. संगीताचा तास टाइमटेबलवर असतो, पण शिक्षक असेलच असं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, शंभरपेक्षा जास्त मुलं असलेल्या शाळेत, कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलं आहे. पण 'कला' या एका शब्दात चित्रकला, संगीत, नृत्य, नाट्य सगळंच बसतं आणि माणूस एकच! माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे म्युझिक पिरियड म्हणजे असेंब्लीची प्रार्थना आणि गॅदरिंगचा कॉयर. सूर छान लागायचा, पण राग म्हणजे काय हे कोणी सांगितलं नाही. मराठी शाळेतल्या मैत्रिणींचा अनुभव याहून फार वेगळा नव्हता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला हा 'एक्स्ट्रा' विषय मानायचा नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. पण धोरण वर्गात पोचवायला शिकवणारा माणूस लागतो. पलुस्करांनी उपदेशक वर्ग का काढला ते इथे कळतं.

तिसरी अडचण कानाची, आणि ही आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना लगेच समजेल. बहुतेक मुलं पेटीवर किंवा कीबोर्डवर शिकतात. त्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. म्हणजे प्रत्येक पट्टीची फ्रीक्वेन्सी मागच्या पट्टीच्या 1.0595 पट. आता सा 240 हर्ट्झ धरा. शुद्ध गंधार साच्या सव्वापट, म्हणजे 300 हर्ट्झ हवा. कीबोर्डवर तो 302.4 येतो. पंचम 360 हवा, येतो 359.6. पंचमातला फरक कळत नाही, पण गंधारातला सरावलेल्या कानाला खुपतो. शिवाय पट्टीवर मींड घेता येत नाही. आकाशवाणीनं 1940 ते 1971 एवढी वर्षं हार्मोनियमवर बंदी घातली होती, त्यामागे असेच आक्षेप होते.

तानपुऱ्याचं तसं नाही. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाची तार छेडली की तिच्या पाचव्या हार्मोनिकमधून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो. कोणी न वाजवता! कान तयार होतो तो इथे. आणि हे तानपुरे बनतात कुठे? आपल्या मिरजेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतलं. पंढरपूर भागातून भोपळे येतात, मिरजेत तानपुरा होतो आणि देशभर जातो. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे आपल्या शेजारी तयार होणारं वाद्य आपल्याच भागातल्या क्लासमध्ये क्वचित दिसतं. एवढ्या मोठ्या, नाजूक वाद्याची किंमत आणि देखभाल छोट्या क्लासला झेपत नाही, हेही खरं. म्हणून मोबाईलवरचा तानपुरा चालतो. काहीच नसण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

परीक्षा नसलेली शाळा

आता गंमत बघा. उंब्रजच्या आसपास कुठल्याही गावात एकादशीला देवळात जा. भजनी मंडळ बसलेलं असतं. पखवाजावर साठीतले आजोबा, पेटीवर एखादा दुकानदार, टाळ घेऊन शाळकरी पोरं. कोणाकडे सर्टिफिकेट नाही, कोणाला मार्क नाहीत. तरी ते वीस-वीस, तीस-तीस वर्षं गात आहेत! पोरगं आधी नुसता टाळ धरतं, मग ठेका ओळखायला लागतं, मग एक दिवस पखवाजवाला आला नाही की त्याला पुढे बसवतात. सिलॅबस कुठेच लिहिलेला नाही, पण शिकणं चालूच आहे.

असं का होतं? कारण तिथे ठरलेला वार आहे, ठरलेली जागा आहे, आणि आपण गेलो नाही तर "काल का आला नाहीस?" असं विचारणारी माणसं आहेत. औंधला पं. अंतूबुवा जोशींनी 1940 मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला, तो इतक्या वर्षांनंतरही चालू आहे. मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणं होतं. ही सगळी उदाहरणं एकच गोष्ट सांगतात. परीक्षा माणसाला गाण्यापर्यंत आणते, पण गाण्यात टिकवते ती बैठक. आपल्या शिडीला पायऱ्या भरपूर आहेत, पण वर पोचल्यावर बसायला ओटाच नाही!

मग आपण काय करायचं?

हॉस्टेलमध्ये परीक्षा दिलेले एवढे जण आहेत. गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस म्युझिक रूमचं कुलूप निघतं आणि गॅदरिंग संपलं की परत लागतं. ते कुलूप आठवड्यातून एक संध्याकाळ, समजा गुरुवारी जेवणानंतर एक तास, उघडं राहिलं तर? रेक्टर सर आणि स्टाफला ही विनंतीच समजा. खर्च काही नाही. पेटी आहे, तबला आहे, तानपुरा मोबाईलवर आहे. ज्यानं मध्यमा केली आहे त्यानं नवख्याला अलंकार शिकवावेत. मेसचे काका भजनात पखवाज वाजवत असतील तर त्यांनाही बोलवावं. आपल्यापेक्षा त्यांचा हात नक्की तयार असेल.

अभ्यासाच्या दृष्टीनंही हे वाया जाणार नाही. एप्रिल 2023 च्या शासन निर्णयात पदवीच्या क्रेडिटमध्ये को-करिक्युलर कोर्स आले आहेत आणि त्यात परफॉर्मिंग आर्ट्सना जागा आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मिनी प्रोजेक्टही तयार आहे: मायक्रोफोनमधून गाणाऱ्याचा सा आणि गंधार पकडायचा आणि तो 300 वर आहे की 302 वर, ते दाखवायचं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरोघरी नेणारे बंगळुरूचे जी. राज नारायण हेसुद्धा इंजिनिअरच!

फक्त एक काळजी घेऊ या. क्रेडिटसाठी आलेला क्रेडिट मिळाल्यावर जाईल, हे दहावीच्या गुणांनी आपल्याला शिकवलंच आहे. म्हणून गुरुवारच्या त्या तासाला हजेरी नको, सर्टिफिकेट नको. जो येईल त्यानं बसावं, ज्याला येतं त्यानं वाजवावं, ज्याला येत नाही त्यानं टाळ धरावा.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की कपाटावरची पेटी खाली काढा, धूळ पुसा आणि येताना घेऊन या. एस.टी.त जागा होते, कंडक्टरला नीट सांगितलं की!