मोटारसायकलच्या आसनाची उंची आणि चालकाचा पाय

दुचाकीच्या अपघाताचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर भरधाव वेग उभा राहतो. परंतु उंचीने कमी असलेल्या चालकाची मोटारसायकल पुष्कळदा उभ्या जागीच कलंडते. चौकात थांबताना, चढणीवर वळवताना, गुरे आडवी आली म्हणून ब्रेक दाबताना चालक पाय खाली सोडतो आणि जमीन दोन बोटे खालीच राहते. एकदा बाजूला झुकलेली शंभर ते दोनशे किलो वजनाची गाडी मग सहसा सावरता येत नाही.

गोव्याच्या सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत शिक्षिका, परिचारिका आणि अंगणवाडी सेविका यांना दुचाकीवाचून गत्यंतर नसते. स्कूटरचे आसन सोयीचे असले तरी तिची लहान चाके खडबडीत वाटेवर खड्ड्यात अडकतात. म्हणून अनेकांना मोटारसायकलच पसंत करावी लागते. घरात एकच गाडी असेल तर प्रश्नच उरत नाही. अशा वेळी आसन खाली घेण्याचे कोणते उपाय आहेत आणि त्यांची कोणती किंमत मोजावी लागते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

प्रथम मोजमाप

हीरो स्प्लेंडर प्लस या गाडीचे आसन जमिनीपासून ७८५ मि.मी. उंचीवर आहे. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० चे ८०५ मि.मी., तर हिमालयन ४५० चे ८२५ मि.मी. आहे. आता चालकाने भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, दोन्ही पायांमध्ये एक पुस्तक वर टेकेपर्यंत घट्ट धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. १५५ सें.मी. उंचीच्या व्यक्तीत हे अंतर सुमारे ७० सें.मी. भरते. म्हणजे स्प्लेंडरच्या बाबतीतही आठ-नऊ सें.मी.चा फरक दिसतो.

तथापि या फरकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. कंपनीने दिलेली उंची सामान्यतः रिकाम्या गाडीची असते. चालक बसताच स्प्रिंगा दबून ती काही सें.मी.ने घटते. शिवाय दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत, हा सर्वसाधारण समज बरोबर नाही. टेकलेला पाय गाडीचे वजन पेलत नाही, तो केवळ तोल राखतो. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकणे, किंवा आसनावर किंचित सरकून डावा पाय पूर्ण टेकणे, एवढे पुरेसे असते. कमी करावयाची उंची म्हणूनच पुष्कळदा दोन-तीन सें.मी. इतकीच निघते.

पहिला उपाय : आसनाची गादी

सर्वांत सुरक्षित सुधारणा आसनाच्या गादीत होते. येथे उंचीइतकेच महत्त्व रुंदीला आहे. आसनाचा पुढचा भाग रुंद असेल तर मांड्या फाकतात, पाय तिरका खाली जातो आणि त्याची लांबी वाया जाते. काटकोन त्रिकोणाचा कर्ण उभ्या बाजूपेक्षा मोठा असतो, हे शालेय भूमितीतील तत्त्वच येथे लागू पडते. म्हणून कुशल सीटवाल्याकडून टाकीजवळील दोन्ही कडा आधी निमुळत्या करून घ्याव्यात आणि त्यानंतरच मधला फोम दोन-तीन सें.मी. कापावा. फोम फार पातळ केल्यास खड्ड्यात खालचा कठीण तळ कमरेला लागतो. केवळ पुढेच खळगा केल्यास चालक सारखा टाकीकडे घसरत राहतो. पातळ केलेल्या जागी अधिक घट्ट फोम बसवणे हा त्यावरील उतारा आहे. मूळ सीट जपून ठेवून दुसऱ्या सीटवर काम करून घेतले तर घरातील उंच माणसाचीही गैरसोय होत नाही. काही गाड्यांसाठी कंपनीच कमी उंचीची सीट देते. हिमालयन ४५० साठी ८०५ मि.मी. उंचीची अशी सीट मिळते.

जाड व न घसरणाऱ्या तळाचे बूट एक-दोन सें.मी.ची भर घालतात. मात्र तळ इतका जाड नसावा की बुटाचे टोक गिअरच्या दांड्याखाली जाणार नाही.

दुसरा उपाय : स्प्रिंगचा ताण

स्प्लेंडरसारख्या गाड्यांच्या मागील शॉकॲब्सॉर्बरना ताण बदलण्यासाठी पाच पायऱ्यांची खाचदार कडी असते. गाडी विकत घेताना ती घट्ट पायरीवर असेल तर सैल पायरीवर आणल्याने चालक बसल्यावर मागची बाजू थोडी अधिक दबते. हे काम फुकट होते आणि केव्हाही पूर्ववत करता येते. परंतु मागे माणूस किंवा धान्याचे पोते असेल तेव्हा कडी पुन्हा घट्ट केली पाहिजे, अन्यथा खड्ड्यात शॉकॲब्सॉर्बर शेवटपर्यंत दबून धक्का थेट सांगाड्याला बसतो. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गोव्यातील ‘पायलट’ चालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

तिसरा उपाय आणि त्याची किंमत

एवढ्याने भागले नाही तरच गाडीची ठेवण खाली घेण्याचा विचार करावा. मागे आखूड शॉकॲब्सॉर्बर बसवणे, किंवा एकच शॉकॲब्सॉर्बर असलेल्या काही गाड्यांत त्याच्या जोडपट्ट्या बदलणे, हे त्याचे मार्ग होत. केवळ मागची बाजू खाली घेतली तर पुढचा फोर्क अधिक मागे कलतो, हँडल जड होते आणि हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. म्हणून, जेथे रचना परवानगी देते तेथे, पुढचे फोर्कही हँडलखालच्या पकडीतून तितक्याच प्रमाणात वर सरकवावे लागतात. त्यानंतर फोर्क पूर्ण दबल्यावर चाक वा मडगार्ड कोठे घासत नाही ना, हे तपासावे लागते.

जमिनीपासूनचे अंतरही घटते. स्प्लेंडरचे हे अंतर १६५ मि.मी. आहे. प्रमाणित गतिरोधक १०० मि.मी. उंच असतो, पण गावोगावचे अनेक गतिरोधक त्या मापाचे नसतात. दोन माणसांच्या भाराने दबलेली आणि वर तीन सें.मी. खाली घेतलेली गाडी त्यांवर इंजिनाच्या बाजूने आपटू शकते. वळणावर कलताना फूटरेस्टही लवकर घासतात.

साइड स्टँडकडे तर हटकून दुर्लक्ष होते. गाडी खाली आली की तोच स्टँड प्रमाणाबाहेर लांब ठरतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने किंवा मुलाच्या धक्क्याने विरुद्ध बाजूला पडते. स्टँड त्या मानाने आखूड करून घेणे आणि चेनचा ताण पुन्हा लावणे, ही कामे त्याच दिवशी झाली पाहिजेत. स्प्रिंगचे वेढे कापणे, सांगाड्याला वेल्डिंग करून नवी छिद्रे पाडणे किंवा लहान मापाचे टायर चढवणे हे प्रकार मात्र सर्वथा टाळावेत.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली. गादीचा आकार बदलल्याने नोंदणीतील तपशील बदलत नाहीत. परंतु गाडीच्या ठेवणीत बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा आणि विमा कंपनीलाही कळवावे. सीट बदलताना मागील प्रवाशाची मूठ आणि साडी-पदर चाकात जाऊ न देणारी जाळी काढून टाकू नये. केंद्रीय नियम १२३ प्रमाणे त्या आवश्यक आहेत.

सवयीचे महत्त्व

शेवटी, जे काम यंत्राने होत नाही ते सवयीने साधते. थांबण्यापूर्वी पाय कोठे टेकणार ती जागा पाहून ठेवावी. डावीकडे गटार किंवा पावसाळ्यात शेवाळलेला चिरा असेल तर चार हात पुढे जाऊन थांबावे. डावा पाय टेकताना उजवा पाय मागील ब्रेकवर असावा. गाडी मागे घ्यावयाची असल्यास चवड्यांवर रेटण्यापेक्षा खाली उतरून ढकलणे बरे. नवी सीट बसवल्यावर आधी मोकळ्या मैदानात, मागे माणूस बसवूनही, थांबण्याचा व वळण्याचा सराव करावा. आधी सवय, मग गादी, मग स्प्रिंग आणि अगदी शेवटी गाडीची ठेवण, हा क्रम पाळला तर बहुतेकांना शेवटच्या पायरीपर्यंत जावे लागत नाही.