केबलची रजई

रस्ता खोदून त्यात विजेच्या जाड केबल टाकताना तुम्ही पाहिले असेल. काही ठिकाणी आधी नळ्या पुरतात आणि मग त्यांतून केबल ओढून घेतात. पुढे केबल बिघडली, तर सगळा रस्ता पुन्हा खोदावा लागत नाही. सोय मोठी आहे; पण तिच्यामुळे केबलला उष्णता सोसावी लागते.

तारेतून वीज वाहू लागली, की तार तापते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. खांबावरच्या तारेला वारा लागतो. जमिनीखालच्या केबलची उष्णता मात्र आवरण, नळी आणि माती यांतून वाट काढत वर येते. ती अडली, तर केबलचे आवरण खराब होते. म्हणून आजच्या बहुतेक मोठ्या केबलमधील तार ९० अंश सेल्सिअसच्या वर सतत तापू देत नाहीत.

मग नळी कशाची असावी? सारख्याच जाडीची भिंत घेतली, तर काँक्रीटपेक्षा पॉलिथिलीन सुमारे साडेतीन पट आणि पीव्हीसी सहा पट उष्णता अडवते. प्लॅस्टिकची भिंत पातळ असते, एवढेच बरे. खरी अडचण वेगळीच आहे. केबल आणि नळी यांमध्ये हवा कोंडलेली असते. थंडीत रजई ऊब देते, तीही कापसात अडकलेल्या हवेमुळेच. केबलला अशी रजई पांघरून कसे चालेल? म्हणून कधी कधी ही पोकळी बेंटोनाइट नावाच्या ओल्या चिकणमातीने भरतात. लोखंडी नळी उष्णता चटकन बाहेर सोडते, हे खरे. पण तिच्यातून तीनपैकी एकाच तारेची केबल नेली, तर नळी स्वतःच तापू लागते!

नळीबाहेरची मातीही महत्त्वाची असते. ओली माती उष्णता वाहून नेते, कोरडी माती अडवते. न्यूझीलंडमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळा असतो. १९९८ साली तेथील ऑकलंड शहरात उन्हाळा कडक होता. शहराच्या मध्यभागाला वीज पुरवणाऱ्या चार मोठ्या केबल एकामागून एक निकामी झाल्या. दुकाने, कचेऱ्या, उंच इमारतींतील घरे यांचे सुमारे पाच आठवडे हाल झाले. काही केबल जुन्या होत्या. शिवाय भोवतालची माती वाटली होती तेवढी उष्णता वाहून नेत नव्हती.

पुढे त्या शहराने सुमारे ९ किलोमीटर लांबीचा बोगदा खणून त्यातून नव्या केबल नेल्या. बोगद्यातही हवाच असते. पण ती कोंडलेली नसते. पंखे लावून ती खेळती ठेवतात.