मांतीला माणसं लागतात

रविवारी सकाळी साडेनऊला दारावर थाप पडली. बाहेर उणे आठ तापमान, सोमवारी फार्माकॉलॉजीची टेस्ट, आणि दारात आमच्या घरमालकीण आजी. हातात लाटणं. आपल्यासारखं नाही, झाडूच्या दांड्याएवढं लांब आणि सडपातळ. त्यांनी आम्हा तिघींकडे बोट केलं, मग वरच्या मजल्याकडे केलं, आणि एकच शब्द बोलल्या, "मांती."

येरेवान ही आर्मेनियाची राजधानी. इथे मेडिकलला भारतातली बरीच मुलं आहेत, आणि त्यात महाराष्ट्रातलीही. मी सांगलीची, एक रूममेट लातूरची, दुसरी नाशिकची. पहिली दोन वर्षं आम्ही मॅगी, खिचडी आणि लवाशमध्ये (म्हणजे इथल्या पातळ रोटीत) गुंडाळलेल्या बटाट्याच्या भाजीवर काढली. आर्मेनियन जेवण म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस, एवढंच आमचं ज्ञान.

"मांती म्हणजे काय गं, मोमो?" नाशिकवालीने जिना चढताना विचारलं. म्हटलं तर हो. चीनमधला मांतोऊ, कोरियातला मांडू, मध्य आशियातली मांती, ही सगळी नावाने तरी एकमेकांची नातेवाईक दिसतात. पण वर टेबलावर जे चाललं होतं त्याचा मोमोशी फार संबंध नव्हता. मोमोचं तोंड बंद असतं. आर्मेनियन मांती म्हणजे बोटाच्या पेराएवढी होडी. दोन्ही टोकं चिमटलेली, मधे पोट उघडं आणि त्यात खिमा.

आमची भाषेची गंमत अशी की कॉलेजात आम्हाला पूर्व आर्मेनियन शिकवतात आणि आजी बोलतात पश्चिम आर्मेनियन. त्यामुळे साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन हाच दुभाषी. फोनमध्ये आजींची मुलगी, लॉस एंजेलिसहून. तिकडे शनिवारची रात्र. "आईच्या बोटांनी आता चिमटा बसत नाही," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "दोन वर्षं तिने मांती केली नाहीये." मी आजींच्या सुजलेल्या पेरांकडे बघून मनातल्या मनात निदान करून टाकलं. थर्ड इयरचं शहाणपण!

तर कृती. साधारण 400 ग्रॅम मैदा, एक अंडं, चमचाभर मीठ आणि लागेल तसं पाणी. पीठ पोळीचं नाही, पुरीचं मळायचं, घट्ट. ते ओल्या फडक्याखाली अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायचं. तोवर 400 ग्रॅम खिमा घ्यायचा (आम्ही बीफ खात नाही म्हणून आजींनी मेंढीचा आणला होता), त्यात एक कांदा किसून, घट्ट पिळून घालायचा. पिळायचा कंटाळा करायचा नाही, त्या पाण्याने होडी फुटते. पार्सली, मीठ, मिरपूड आणि अलेप्पोची लाल मिरची. ही मिरची जाडसर कुटलेली, आपल्या बेडगीसारखी रंगाला पुढे आणि तिखटाला मागे. संपला मसाला. गरम मसाला नाही, आलं-लसूण नाही. लातूरवालीचा चेहरा पडला होता.

मग लाटणं. एक-दीड मिलिमीटर जाडीची भलीमोठी पोळी, आणि तिचे इंचभराचे चौकोन. प्रत्येक चौकोनावर हरभऱ्याएवढा खिमा. हरभऱ्याएवढा म्हणजे हरभऱ्याएवढाच. मी उत्साहात सुपारीएवढा ठेवला, तर आजींनी माझी होडी उचलली, चमच्यात ठेवली आणि चमचा माझ्यासमोर धरला. चमचा भरला होता. मग त्याच चमच्यात लातूरवालीच्या तीन बसवून दाखवल्या. भाषांतराची गरज पडली नाही. (तुर्कस्तानात कायसेरी शहराची मांती याहून लहान. तिथे एका चमच्यात 40 मावल्या पाहिजेत असं म्हणतात. पण तिथे बऱ्याच घरांत ती उकळतात, हे सांगताना आजींनी नाक मुरडलं.)

आजींची मांती भाजतात. लोणी लावलेल्या गोल तबकात होड्या एकमेकींना चिकटून उभ्या करायच्या, बाहेरून आत, गोल गोल. तबकाला सिनी म्हणतात, म्हणून ही 'सिनी मांती'. मला वाटलं तबक पिढीजात असणार, फोटो काढायला गेले, तर कळलं ते इथल्याच बाजारातलं आहे. "आम्ही एकेक बॅग घेऊन निघालो होतो," फोनमधून मुलगी म्हणाली.

ते निघणं सीरियातल्या अलेप्पोहून, 2012 मध्ये, युद्ध शहरात शिरलं तेव्हा. पण घराणं मूळचं अलेप्पोचंही नाही. आजींची आई आजच्या तुर्कस्तानातल्या मराश गावची. 1915 पासून ऑटोमन सरकारने आर्मेनियन लोकांना घरांतून उठवून वाळवंटाकडे चालत नेलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. त्यातून वाचलेले काही जण युद्ध संपल्यावर फ्रेंच सैन्याच्या भरवशावर मराशला परतले होते. फेब्रुवारी 1920 मध्ये ते सैन्य रातोरात निघून गेलं, आणि हजारो आर्मेनियन बर्फातून त्याच्या मागे चालत सुटले. कित्येक वाटेतच गोठले. आजींची आई तेव्हा पाच वर्षांची, तिच्या आईच्या पाठीवर.

हे सांगताना मुलीचा आवाज जराही हलला नाही. आजी चौकोन कापत होत्या.

असेच मराशचे, उर्फाचे, ऐंताबचे लोक अलेप्पोत, बैरूतमध्ये, पुढे अमेरिकेत जाऊन वसले. 1946 ते 48 मध्ये सुमारे 90 हजार आर्मेनियन परदेशांतून सोव्हिएत आर्मेनियात परत आले, आणि अलीकडे सीरियातले आले. पश्चिमेकडच्या घरांतली ही मांती येरेवानमध्ये आली ती अशा माणसांबरोबर.

दोनशेनंतर आम्ही मोजणं सोडलं. चौघींना अडीच तास लागले. मग ओव्हनमध्ये 200 अंशांवर 35-40 मिनिटं, कडा खरपूस तांबूस होईपर्यंत. त्यानंतर टोमॅटोची पेस्ट घातलेला मटणाचा उकळता रस्सा तबकात ओतायचा, होड्या अर्ध्या बुडतील इतकाच, आणि पुन्हा पाच-सात मिनिटं ओव्हनमध्ये. बूड मऊ, वरच्या कडा कुरकुरीत. ताटलीत घेतल्यावर ठेचलेला लसूण घातलेलं घट्ट दही आणि वरून सुमाक, म्हणजे जांभळट, आंबट पूड. तुमच्याकडे सुमाक नसेल तर लिंबू पिळा. पार्सलीऐवजी कोथिंबीर चालेल, चव बदलेल इतकंच.

पहिल्या घासाला मी गप्प झाले. गरम रस्सा, गार दही, मधेच कुर्रकन वाजणारी कड. लातूरवालीने तिसऱ्यांदा घेतलं आणि गरम मसाल्याचं नाव काढलं नाही.

महिन्याभराने शेफारून आम्ही खाली आमच्या फ्लॅटमध्ये एकट्याने घाट घातला. पीठ सैल झालं. चौकोन सगळे एकदम कापून उघडेच ठेवले, ते वाळले, चिमटे सुटले. एक जण अभ्यासाला उठून गेली, म्हणून उरलेल्या दोघींनी वैतागून मोठ्या मोठ्या वळल्या. रंग यायच्या आधीच रस्सा ओतला. जे तयार झालं त्याला नाशिकवालीने 'वरणफळं' असं नाव दिलं, आणि खरं तर वरणफळांचा तो अपमान होता. आजींनी वाटीभर खाल्लं, पूर्ण खाल्लं, आणि बोटं दाखवून विचारलं, किती जणी होतात? दोन, आम्ही म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

आता दर महिन्याच्या एका रविवारी थाप पडते. जास्तीच्या मांत्या भाजून, गार करून आजी फ्रीजरमध्ये टाकतात. परीक्षेच्या आठवड्यात एकेक पिशवी आमच्या दाराला अडकवलेली असते, वर फक्त रस्सा करायचा. गेल्या रविवारी आम्ही पाच जणी होतो. फर्स्ट इयरच्या दोघी नवीन, एक अकोल्याची, एक केरळची. त्यांच्या होड्या जाड्या होत होत्या. आजींनी मला खुर्चीवरून उठवलं, त्या दोघींच्या मधे बसवलं आणि माझ्या हातात चमचा दिला.